ब्ल्यूज बँडमधले मुरलेले वादक मुळात काय वाजवत होते?

लाटेचा_ठेका (वेंगुर्ला)

ब्ल्यूजवर, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या त्या संगीतावर, मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं ते गायकाबद्दल आणि पुढे उभ्या असलेल्या गिटारवाल्याबद्दल असतं. मला मागे बसलेल्यांबद्दल बोलायचं आहे. ड्रम, पियानो, बास आणि बाजा, म्हणजे हार्मोनिका. ही माणसं बँडमध्ये येण्याआधी काय वाजवत होती, हे कळलं की तीच रेकॉर्ड निराळी ऐकू येते असा माझा अनुभव आहे.

उदाहरणाला १९५०च्या दशकातली शिकागोची मंडळी घेऊ.

मडी वॉटर्स हा बँडचा म्होरक्या, गायक आणि गिटारवाला. तो आधी बाजा वाजवायचा, गिटार नंतर हातात आली. मिसिसिपीतल्या स्टोवॉल मळ्यावर तो ट्रॅक्टर चालवत होता. त्या काळात त्याची साथ सन सिम्स नावाच्या व्हायोलिनवाल्याशी होती. व्हायोलिन, मँडोलिन, गिटार असा तारवाद्यांचा ताफा नाचाच्या कार्यक्रमांना वाजवायचा. १९४१ साली लोकसंगीत गोळा करणारे अ‍ॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क तिथे ध्वनिमुद्रण करायला गेले, तेव्हा त्यांना सापडला तो हा मडी. विजेची गिटार, मोठा आवाज, हे सगळं १९४३ मध्ये शिकागोला गेल्यानंतरचं.

लिटल वॉल्टर लुइझियानाचा. कोवळ्या वयात घर सोडून रस्त्यावर वाजवत फिरलेला. पण त्याचा कान होता सॅक्सोफोनवर, विशेषतः लुई जॉर्डनच्या. त्याचा बाजा ऐकताना वाक्य कुठे सुरू होतं, कुठे श्वास घेतो, हे बघा. ती वाक्यं सॅक्सोफोनची आहेत. माइक मुठीत धरून अ‍ॅम्प्लिफायरमधून बाजा वाजवण्यामागेही मला तीच ओढ दिसते, त्या छोट्या वाद्याला सॅक्सोफोनएवढी छाती देण्याची.

विली डिक्सन बास वाजवायचा. त्याआधी मुष्टियोद्धा. १९३७ साली इलिनॉयची गोल्डन ग्लोव्हज स्पर्धा नवोदितांच्या गटात जिंकलेला. आणि त्याच्याही आधी, व्हिक्सबर्गला असताना, चार जणांच्या भक्तिगीत मंडळीत खर्जाचा आवाज लावणारा. खालचा सूर धरून बाकीच्यांना उभं करायचं हे तो गळ्याने शिकला होता. बास पुढे आली, तीही पहिल्यांदा पत्र्याच्या डब्याला एक तार लावून मित्राने बनवून दिलेली.

आणि फ्रेड बिलो. या धाग्याचं खरं कारण हा आहे. ड्रमवाला. शिकागोतच जन्मलेला, रॉय नॅप यांच्या तालवाद्यांच्या शाळेत रीतसर शिकलेला, लष्कराच्या बँडमध्ये वाजवून आलेला, आणि मनाने पूर्ण जॅझचा. पोटापाण्यासाठी तो ब्ल्यूजवाल्यांत येऊन बसला, आणि सुरुवातीला त्याला या लोकांशी जुळवून घेणं फार जड गेलं. मात्रा मोजून वाजवणारा तो, आणि मनाला येईल तिथे वळणारे हे. पण त्यातूनच जे तयार झालं त्याला आज आपण शिकागोचा ठेका म्हणतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर (ड्रम-संचातला कडक आवाजाचा छोटा ढोल) पक्की, आणि वरच्या झांजेवर जॅझचा हलका हात. १९५८ मध्ये चक बेरीच्या 'जॉनी बी. गुड'वर ड्रम वाजवणाराही हाच.

म्हणजे जे 'अस्सल ब्ल्यूज' म्हणून आपण ऐकतो त्यात एक व्हायोलिनच्या ताफ्यातला, एक सॅक्सोफोनच्या नादी लागलेला, एक भक्तिगीतवाला आणि एक जॅझ शिकलेला. निव्वळ ब्ल्यूज घेऊन कुणीच आला नव्हता. माझं म्हणणं असं की बँडचा आवाज होतो तो प्रत्येकजण पहिलं काय शिकला यावरून. आपल्या किनारपट्टीवरही असे मुरलेले हात खूप आहेत. भजनातले, दशावतारातले, चर्चमधले. त्यांच्याबद्दल इथे लिहावं ही विनंती. आम्ही काहीजण गिटार, बाजा घेऊन अधूनमधून बसतो. ठेका धरणारं माणूस हवं आहे, आणि मला ते ड्रमच्या क्लासमधून आलेलं नको आहे.

---

खाडीकाठ

सुंदर लिहिलंय. ज्याने आजवर ब्ल्यूज कधी लक्ष देऊन ऐकलेलं नाही, त्याने मागच्या वादकांसाठी म्हणून कुठून सुरुवात करावी?

---

लाटेचा_ठेका

लिटल वॉल्टरचं 'ज्यूक'. १९५२ च्या मे महिन्यातलं. गाणं नाही, फक्त वादन, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जात नाही. ते इतकं चाललं की वॉल्टरने मडीचा बँड सोडला आणि 'द एसेस' या तरण्या मंडळींना घेऊन स्वतःचा संच काढला. त्या एसेसमध्येच फ्रेड बिलो होता. एसेसचा बाजावाला ज्युनियर वेल्स मडीकडे गेला. थोडक्यात अदलाबदल. 'ज्यूक'वर बिलो नाही, त्यानंतरच्या वॉल्टरच्या रेकॉर्डवर आहे. दोन्ही लागोपाठ ऐका आणि फक्त ठेका ऐका. फरक लगेच कळतो.

---

पखवाजी_कुडाळ

मी भजनात पखवाज धरतो, तबलाही वाजवतो. ब्ल्यूज माझ्या पुतण्यामुळे कानावर पडलं. तालाच्या बाजूने जे कळलं ते लिहितो.

शफल म्हणतात तो प्रकार आपल्याला परका नाही. एका मात्रेचे तीन भाग करायचे, पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला रिकामा सोडायचा. तिस्र जातीची सवय असलेल्याचा हात दोन दिवसांत बसेल. भजनात गजर चढवताना आम्ही जे डोलतं वाजवतो ते याच्या जवळचं आहे.

ब्ल्यूजच्या गाण्याचा नेहमीचा साचा बारा बारचा. बारा बार म्हणजे चार-चार मात्रांचे बारा खंड, एकूण ४८ मात्रांचं आवर्तन. पहिले चार घरच्या सुरावर, म्हणजे सा वर, मग दोन मध्यमावर, दोन परत घरी, मग एक पंचमावर, एक मध्यमावर, आणि शेवटचे दोन घरी येऊन पुन्हा सुरुवातीकडे ढकलणारे. त्या शेवटच्या दोन खंडांत वादक जे करतात त्याचं काम आमच्या तिहाईसारखं आहे, म्हणजे सगळ्यांना समेवर आणून सोडणं.

अडचण कुठे येते ते सांगतो. आमचं सगळं वजन समेवर. पहिल्या मात्रेवर थाप पडली नाही तर बुवा मान वळवून बघतात. ब्ल्यूजमध्ये वजन दोन आणि चारवर. डोक्याला लगेच कळतं, खांद्याला कळायला वेळ लागतो. मी पहिल्यांदा पुतण्याबरोबर बसलो तेव्हा टाळी दोन-चारवर आणि डावा हात एकवर, असं ठेवलं. त्याला ते आवडलं. रेकॉर्डसारखं नव्हतं, पण पखवाजाच्या डाव्या पुडीवरची कणीक आणि तो घुमारा एकवर आला की गिटारवाल्याला खाली जमीन मिळते.

बिलोबद्दल तुम्ही लिहिलंत ते म्हणून मला नीट समजलं. शिकलेला हात मोडायचा नसतो, वळवायचा असतो.

---

साळगावचो

माझो आजो दशावतारात पेटी वाजवी. तेची गजाल सांगतंय.

दशावतारात लिवलेला काय नाय. आख्यान खयचा ता आधी ठरता, पण संवाद थयच्या थय. सोंग रंगात इला की नट खय जायत ह्याचो नेम नाय. पेटीवालो बाजूक बाकड्यार बसान सगळा बघता. राजान तलवार उपसली की पखवाज कडाडलोच होयो, राणी रडाक लागली की पेटयेन सूर धरलोच होयो. कोणी सांगणा नाय.

आणि प्रत्येक नटाची पट्टी येगळी. एक काळी दोनात गाता, दुसरो पांढरी चारात. तो तोंड उघडूच्या आधी पेटीवाल्याक ठावक आसाक होया. आजो म्हणी, "नटाच्या श्वासाकडे बघ, तोंडाकडे नको."

लाटेचा_ठेका, तुमका माणूस होयो तर जत्रांच्या दिवसांत धयकाल्याक, म्हंजे दशावताराच्या खेळाक, येवा आणि पडद्याच्या बाजूक बसा. नटाक बघू नकात.

---

मांडवी_एक्सप्रेस

परळचा चाकरमानी, मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात.

मला यातलं जाण्या-येण्याचं अंग महत्त्वाचं वाटतं. मिसिसिपीतून लोक इलिनॉय सेंट्रल रेल्वेने शिकागोला गेले, कारखान्यांत, कत्तलखान्यांत कामाला लागले, आणि शनिवार-रविवारी मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात वाजवू लागले. गावचं वादन शहरात आलं आणि गोंगाटात ऐकू जावं म्हणून विजेवर चढलं.

आमच्याकडे लोक भाऊच्या धक्क्यावर बोटीने उतरले, नंतर एसटीने, १९९८ पासून कोकण रेल्वेने. गिरणीतली पाळी संपली की चाळीच्या गच्चीवर नमन, जाखडी, भजनाच्या तालमी. माझे वडील शक्ती-तुऱ्यात ढोलकी वाजवायचे. मुंबईत त्यांच्या ढोलकीच्या शेजारी बँजो आला, मग कीबोर्ड आला. गणपतीला गावी गेले की तोच मुंबईचा हात ते गावात घेऊन जायचे, आणि गावातली पोरं तसं वाजवायला बघायची. म्हणजे ते दोन्हीकडून बदलत राहिलं.

कुणी मुरलेला ढोलकीवाला भेटला तर "गाव कुठलं" एवढ्यावर थांबू नका, "मुंबईत कुठल्या चाळीत होतात" हेही विचारा.

---

कातळसडा

धागा आवडला, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही.

ब्ल्यूज वाजवणाऱ्या या माणसांची पार्श्वभूमी फक्त सांगीतिक नव्हती. अर्धेलीची शेती, वर्षाच्या शेवटी हिशेबात कायम कर्जच निघणार, गोऱ्यांसाठी वेगळे दरवाजे, आणि जरा मान वर केली तर जिवाशी गाठ. विली डिक्सनचा उल्लेख मुष्टियोद्धा म्हणून आला. दुसऱ्या महायुद्धात त्याने लष्करात जायला नकार दिला, जो देश मला माणूस म्हणून वागवत नाही त्याच्यासाठी मी का लढू या भूमिकेतून, आणि त्यासाठी तो तुरुंगात गेला. हे बाजूला ठेवून "आमच्याकडेही असंच" म्हणणं मला पटत नाही. भजनाच्या बारीला जमणारा गाव आणि मिसिसिपीतला मळा एक नाही.

आणि आपल्याकडे तुलना करायचीच तर मग हेही विचारावं लागेल की गावात ढोल, सनई, डफ कुणी वाजवायचे आणि पेटी कुणाच्या घरी असायची. वाद्यांनाही जात होती. मानकऱ्यांच्या मिरवणुकीत पुढे वाजवणाऱ्याला पंक्तीत कुठे बसवायचे हे आपल्या आज्यांना माहीत होतं.

---

लाटेचा_ठेका

कातळसडा, हे लिहिलंत ते फार बरं झालं, आणि डिक्सनबद्दलचा मुद्दा मूळ लेखात असायलाच हवा असा आहे. त्याची गाणी ऐकताना तो ताठ कणा ऐकू येतो.

मला दोन्हीकडचं दुःख एका मापात घालायचं नाही. मला रस आहे तो हातात काय शिल्लक राहतं यात. पाइनटॉप पर्किन्सचं बघा. तो आधी गिटारवाला. १९४०च्या दशकात एका भांडणात चाकूने डाव्या हाताचे स्नायुबंध कापले गेले, गिटार सुटली, आणि तो पियानोकडे वळला. १९६९ मध्ये पियानोवाल्या ओटिस स्पॅनच्या जागी मडीच्या बँडमध्ये आला. डाव्या हाताने पहिल्यासारखं होत नाही म्हणून तो रडत बसला नाही, उजव्या हाताने त्याने जे बोलकं वाजवलं त्यावर बँड उभा राहिला. २०११ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्याला एका अल्बमसाठी ग्रॅमी मिळालं. त्या अल्बममधला त्याचा जोडीदार विली 'बिग आइज' स्मिथ. हा मडीचा ड्रमवाला म्हणून प्रसिद्ध, पण सुरुवात बाजावर केलेली, आणि उतारवयात पुन्हा बाजाच हातात घेतला. म्हणून त्याचा ड्रम बाजावाल्याला कधी आडवा येत नाही. बाजावाल्याला दम कुठे घ्यावा लागतो हे त्याला स्वतःच्या छातीने माहीत होतं.

हाउलिंग वुल्फ या गायकाच्या बँडमधला गिटारवाला ह्यूबर्ट समलिन याच्या उलट. तरुण असताना वुल्फने त्याला बँडमध्ये घेतलं आणि मग शिकागोच्या संगीतशाळेत शास्त्रशुद्ध शिकायला धाडलं. वर, पिक (तार छेडायची चकती) टाकून दे, बोटांनी वाजव, असंही सांगितलं. म्हणजे वुल्फला शिस्तही हवी होती आणि उघडं बोटही.

वाद्य आणि जात यावर वेगळा धागा काढाल का? तुमच्याइतकं नीट मला मांडता येणार नाही, पण मी त्यात नक्की लिहीन.

---

पर्वरीकर

गोव्याची बाजू मी मांडतो.

आमच्याकडे पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून पोरांना सोल्फेज म्हणजे स्वरलिपी वाचून गाणं आणि व्हायोलिन शिकवायचे. मास्तर कडक. गरिबाघरचा मुलगाही लिहिलेलं संगीत वाचू शकायचा. हीच मुलं पुढे मुंबईला गेली, हॉटेलांत जॅझ वाजवू लागली, आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत जाऊन बसली. हळदोण्याचे अँतोनियो शावियर वाझ, ज्यांना जग 'चिक चॉकलेट' म्हणतं, ट्रंपेट वाजवायचे. अमेरिकेतला जॅझचा ट्रंपेटवाला लुई आर्मस्ट्राँग याची छाप इतकी की तुलना त्याच्याशीच व्हायची. सी. रामचंद्रांबरोबर त्यांनी केलेलं काम तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे.

आता शिकागोचा धागा जोडतो. टेडी वेदरफर्ड नावाचा कृष्णवर्णीय पियानोवादक १९२०च्या दशकात शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात होता, तिथे तरुण आर्मस्ट्राँगही वाजवायचा. वेदरफर्ड १९२६ मध्ये आशियाकडे आला, आणि १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. नंतर कलकत्ता. १९४५ मध्ये तिथेच पटकीने गेला. त्याच्या संचांत आमचे गोंयकार बसले. कागदावर लिहिलेलं वाचणं त्यांना येत होतं, कागदावर नसलेलं काय वाजवायचं हे असल्या माणसांच्या शेजारी बसून शिकले.

म्हणून माझ्या मते कोकणातल्या ब्ल्यूज बँडला चर्चमधला एखादा व्हायोलिनवाला जरूर घ्यावा. मडीच्या जुन्या ताफ्यातही व्हायोलिन होतंच की. सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ल्याच्या ख्रिस्ती घरांत अजून पेटीत व्हायोलिनं आहेत, लग्नाआधीच्या रोस या विधीला निघतात.

---

निळी_पट्टी

मी पेटी वाजवते, महिला भजनी मंडळात. इतका वेळ वाचत होते, आता राहवलं नाही.

ब्ल्यूजमधला गंधार कोमल आणि शुद्धच्या मधे कुठेतरी असतो, हे सगळे सांगतात. पेटीवर तो नाही. मग पियानोवाले काय करतात? ओटिस स्पॅन ऐका. कोमल गंधारावरून शुद्धवर घसरतो, इतक्या पटकन की दोन्ही एकदम लागल्यासारखे वाटतात आणि कान मधला सूर स्वतःच भरून घेतो. आपण कण लावतो तोच प्रकार, फक्त वजन वेगळं. बाजावाल्याला तो सूर प्रत्यक्ष मिळतो. ब्ल्यूजमध्ये बाजा घरच्या पट्टीचा घेत नाहीत, त्या पट्टीच्या मध्यमाचा घेतात. मग तिसऱ्या भोकातून श्वास आत ओढला की शुद्ध गंधार येतो, आणि जिभेने हवा दाबली की तो हळूहळू कोमलकडे उतरतो. मधल्या सगळ्या जागा मिळतात.

पट्टीवरून वादकाचं मूळ ओळखता येतं, हे माझं निरीक्षण. गिटारवाल्यांच्या मनाने चाललं की बँड पांढरी तीन किंवा पांढरी सहा धरतो, कारण मोकळ्या तारा तिथे बोलतात. तुतारी-सॅक्सोफोनवाल्यांचं ऐकलं की काळी पाच किंवा पांढरी चार. आमच्याकडे पट्टी कायम गाणाऱ्याच्या गळ्यावर ठरते, वादकांनी निमूट तिथे जायचं. दशावतारातल्या पेटीवाल्याला म्हणूनच कुठलीही पट्टी अवघड नसते. साळगावचो यांच्या आजोबांनी बाराही पट्ट्या डोळे मिटून वाजवल्या असतील.

लाटेचा_ठेका दादा, तुमचं सगळं वाचून एक विचारते. तुमच्या लेखात आणि सगळ्या प्रतिसादांत एकही बाई नाही. मेम्फिस मिनी १९३०च्या दशकात शिकागोत बाप्यांच्या बरोबरीने गिटार वाजवत होती, स्पर्धेत त्यांना हरवत होती. ती आधी मेम्फिसच्या रस्त्यांवर आणि सर्कशीबरोबर वाजवून तयार झालेली. मुरलेली म्हणायची तर तिलाच.

---

लाटेचा_ठेका

निळी_पट्टी ताई, मिनीवर तुम्हीच लिहा, मी आजपासून तिला ऐकायला घेतो. आणि पट्टीचं तुम्ही मांडलंत त्याने आमचा एक जुना वाद मिटला. आम्ही गिटारवाले प्रत्येक वेळी पांढरी तीनवर अडून बसायचो आणि गाणाऱ्याचा गळा तिथे बसत नव्हता.

पखवाजी_कुडाळ, तुम्ही आमच्याबरोबर बसाल का? शेवटच्या शनिवारी संध्याकाळी वेंगुर्ल्यात जमतो आहोत. ड्रम ठेवणारच नाही.

---

पखवाजी_कुडाळ

येतो. पुतण्यालाही आणतो. एकच सांगणं, पट्टी आधी कळवा. पखवाज चढवायला-उतरवायला वेळ लागतो, आणि डाव्या पुडीची कणीक मी तिथे आल्यावर ताजी लावीन, तर पाव किलो गव्हाचं पीठ काढून ठेवा. आमच्या मंडळाचे बुवाही यायचं म्हणतात. ते पांढरी चारात गातात. तुमच्या गिटारला पहिल्या पडद्यावर (फ्रेटवर) चाप, म्हणजे कॅपो, लावलात की तुमची बोटं जिथल्या तिथे राहतील.

---

निळी_पट्टी

पांढरी चार असेल तर बाजा काळी पाचचा लागेल. तो तुमच्याकडे आहे का ते आधी बघा, नाहीतर सावंतवाडीहून येताना मी आणते.